टोपणाखालचं कुंकू

सांगली,
रविवार, २० फेब्रुवारी १९४९

प्रिय पद्मा,

'प्रिय' एवढं लिहिलं आणि उठून हात धुऊन आलो. हात स्वच्छच होते. चार माणसांत तुला कायम 'बाईसाहेब' म्हटलं, गाडीच्या शेडमध्ये दोघंच असलो की काहीच न म्हणता बोलणं निभावून नेलं, आणि आज एकदम 'प्रिय' आणि 'तू'. राग आला तर इथंच थांब, घडी घाल आणि चंद्राबाई काकूंच्या हाती परत पाठव. त्या काही विचारणार नाहीत. आणखी एका गोष्टीची माफी मागायची आहे. कागद फार पातळ आहे, या बाजूची शाई त्या बाजूला फुटते. सांगलीत जाड कागद मिळत नाही असं नाही. दुकानदाराचे चार गठ्ठे बोटांनी चाचपून मी मुद्दाम हाच घेतला. का, ते शेवटी सांगतो. तुला पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, आज एवढी एक वेळ ती आवर.

आधी गाडीची खबर. हत्तीण माझ्या गॅरेजमध्ये उभी आहे. तीन आठवड्यांपूर्वी तुझे भूपालअण्णा तिला बैल जुंपून ओढत घेऊन आले. आप्पांची ती काळी मोटार, जिच्या मडगार्डवर कुणी कोपर टेकलं तरी आप्पांच्या कपाळाला आठी पडायची, ती मिरज रस्त्यानं बैलांच्या शेपटामागून येताना बघून मला हसू फुटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. अण्णांनी कासरा सोडला आणि म्हणाले, "आकाराम, हिला म्हैन्याभरात चालती कर. फाल्गुनात अष्टान्हिकाच्या सणात पद्मीची दीक्षा हाय, बाहुबलीच्या डोंगरावर. तिला साताऱ्यास्नं आणायची ती हिच्यातनंच, आन् मिरवणूक बी हिच्यातनंच काढायची. तिनंच तसं कळवलंय." माझ्या हातात पाना होता. मी 'बरं' म्हणालो आणि जो नट सोडवत होतो तो पुन्हा आवळून टाकला.

रथ नको, मोटारच पाहिजे, आणि ती आकाराम मिस्त्रीकडूनच तपासून घ्या, दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका, एवढंच तू लिहिलं होतंस म्हणे. ते वाक्य मी तीन आठवडे मनात उलटंपालटं करून बघतोय. दीक्षा म्हणजे काय हे तुमच्या जैनाच्या घरात चार वर्षं भाकरी खाल्लेल्या माणसाला सांगायला नको. नवरीसारखं नटवतात, वाजतगाजत नेतात, मग दागिने उतरतात, केस उपटतात, पांढरं लुगडं आणि नवं नाव देतात. त्यानंतर तू भूपालअण्णांची बहीण राहणार नाहीस, आप्पांची लेक राहणार नाहीस. मग मी तुला पत्र लिहायचं काही कारण उरत नाही. म्हणून हे आत्ताच लिहून घेतो.

गाडीचं अंग तसं ठणठणीत आहे. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून आप्पांनी चाकं काढून तिला लाकडी ओंडक्यांवर चढवलं होतं, ते आप्पा गेले तरी कुणी उतरवलं नव्हतं. मागच्या गादीत उंदरांनी संसार थाटला होता, दोन पिढ्या तरी नांदल्या असाव्यात. पेट्रोलची नळी धुतली, टाकी धुतली, बॅटरी नवी घातली. चौथ्या दिवशी तिनं पहिला हुंकार दिला. पण चालता चालता मध्येच एक दम गिळायची. पेट्रोलचा दोष आणि ठिणगीचा दोष कसा ओळखायचा? पेट्रोल कमी पडलं तर गाडी रडत रडत बंद होते, आणि ठिणगी गेली तर बोलता बोलता वाक्य अर्धं टाकते. ही व्याख्या माझी नाही, तुझी. मी आजही गिऱ्हाइकांना तीच सांगतो आणि माझी म्हणून खपवतो.

आयर्विन पुलावरची ती दुपार तुला आठवतेच. सन सदतीस. मी वीस वर्षांचा, वस्ताद नाथाजींच्या हाताखाली शिकत होतो. हत्यारांची पेटी घेऊन सांगलवाडीकडं चाललो होतो, तर पुलाच्या मधोमध तुमची गाडी उभी. तुमचा म्हातारा ड्रायव्हर हँडल मारून मारून घामाघूम झालेला, आत तू आणि चंद्राबाई काकू. तू इंग्रजी शाळेतून येत होतीस, मांडीवर पुस्तकं होती. मी प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं आणि त्याला हँडल फिरवायला सांगितलं. ठिणगी पडते का एवढंच बघायचं होतं, पण भर उन्हात काय दिसणार? मी काकूंची शाल मागितली. काकू म्हणाल्या, "आवं, नवी शाल हाय ती, त्याल लागंल!" तोवर तू ती त्यांच्या खांद्यावरून ओढून माझ्या हातात दिली होतीस. शाल डोक्यावरून बॉनेटवर पांघरून मी आत बघायला लागलो, आणि पलीकडची कड उचलून तू आत डोकं घातलंस. शालीला डांबरगोळ्यांचा वास होता. ठिणगी एकदा पडली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा पडलीच नाही. "निळी!" असं तू एवढ्यानं ओरडलीस की ड्रायव्हरला वाटलं, पोरीला झटका बसला. त्यानं हँडलच टाकून दिलं.

दोष अगदी बारीक होता. आतली एक वायर कापडी वेष्टणाखाली तुटली होती. बाहेरून धडधाकट, आत दोन तुकडे. गाडी उभी असली की तुकडे एकमेकांना टेकायचे, धक्का बसला की सुटायचे. मी ती जोडली आणि बांधायला काही मिळेना तर तू शालीच्या दशीतला एक दोरा दातानं तोडून दिलास. पुढच्या महिन्यात म्हातारा ड्रायव्हर गावी गेला आणि आप्पांनी मला ठेवून घेतलं. तो दोरा चार वर्षं त्या वायरीवर होता. वायर बदलली तेव्हा तो माझ्या खिशात गेला. आता कुठं आहे ते विचारू नकोस, आहे एवढं खरं.

मग तू शेडमध्ये यायला लागलीस. कधी पुस्तक विसरलं म्हणून, कधी आप्पांचा निरोप घेऊन. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण उघडून मी तुला आतला फिरणारा हात दाखवला. सहाही प्लगांना पाळीपाळीनं करंट पोचवणारा. तू म्हणालीस, हा तर पंगतीतला वाढपी, एकाच्या पानात चुकून दोनदा वाढलं तर सगळी पंगत बिघडायची. तेव्हापासून तो वाढपी. त्याच्याखालचे दोन पॉइंट उघडतात-मिटतात, ते मिटले नाहीत तर ठिणगी जन्मालाच येत नाही, हेही तुला एका दुपारीच कळलं. टोपणाच्या दोन पितळी पट्ट्या अंगठ्यानं दाबून काढायच्या असतात. माझे अंगठे जाड, मला वेळ लागायचा, तू टिचकीसरशी काढायचीस. "मिस्त्री, सरा बाजूला," म्हणायचीस आणि मी सरायचो. वस्ताद नाथाजी एकदा गाडी बघायला आले होते, तेव्हा त्यांनी तुझ्यासमोर मला झापलं होतं ते आठवतं? मी पाऊण तास इंजिनाशी झटत होतो. ते म्हणाले, "गाडीला काय इचारतुयास, गड्या? तिच्यावर शेवटला हात कुणाचा पडला ते इचार आदी." तू पदर तोंडाला लावून हसलीस. वस्तादांचं ते बोलणं मी त्या दिवशी ऐकलं आणि नेमकं जिथं लागलं असतं तिथं विसरलो.

मी तुला कधी काही बोललो नाही. काय बोलणार होतो? औंधजवळच्या खेड्यातलं मराठ्याचं पोर, तुमच्या घरचा पगारी ड्रायव्हर. तुमच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही, म्हणून माझी भाकरी मी शेडमागं खायचो. आप्पांनी लोकांची बोलणी सोसून तुला शिकवलं होतं, त्या माणसाचा माझ्यावर विश्वास होता. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी भ्यालेला मी होतो, हेही तेवढंच खरं. तू टोपण लावून हात पुसत शेडबाहेर पडलीस की बराच वेळ मला काम सुचायचं नाही. पाना हातात धरून बसायचो. ते चार वर्षं चाललं.

साताऱ्याचं स्थळ आलं, घर चांगलं होतं, मुलगा चांगला होता. सन एक्केचाळीसचा वैशाख. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी गाडी धूत होतो, तेव्हा तू मेंदीचे हात पुढं धरून आलीस आणि विचारलंस, उद्या गाडी सुरूच झाली नाही तर? मी काय म्हणालो? माझ्या हातची गाडी आहे, सुरू होणार नाही असं होणारच नाही. तू म्हणालीस, पण नाहीच झाली, तर दोष शोधायला किती वेळ लागेल? आणि मी शहाण्यानं छाती फुगवून सांगितलं, पाच मिनिटं! मग म्हणालीस, "पाच मिनिटांत काय होणार!" आणि गेलीस. मला वाटलं, माझी फुशारकी तुला खरी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी तुम्हा दोघांना गाडीत बसवलं, वाजंत्री लागली, आणि हत्तीण सुरू होईना. ते सगळं मी तुला पुन्हा सांगतो, कारण तू मागच्या काचेतून माझी पाठच बघितली असशील. भोंगा वाजवला, खणखणीत. म्हणजे बॅटरी चांगली. पेट्रोल येत होतं. मग समोरच्या करंटच्या काट्याकडं नजर ठेवून हँडल सावकाश फिरवायला लावलं. पॉइंट उघडझाप करत असतील तर तो काटा थरथरतो. तो मेल्यासारखा पडून होता. बास, तिथंच मला कळलं की दोष टोपणाखाली आहे. उघडलं, वाढप्याला उचललं, तर दोन्ही पॉइंटांच्या मध्ये लालभडक कुंकू! बोटाला चिकट लागलं, वास घेतला तर मेण. सकाळीच चंद्राबाई काकूंनी आरतीचं तबक घेऊन गाडीची पूजा केली होती. दिव्यांना कुंकू, चाकांना कुंकू, भोंग्याला कुंकू. मी बोट वर करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणालो, काकूंनी गाडीच्या पोटातल्या देवालाही सोडलं नाही! मांडव हसला. पेट्रोलच्या फडक्यानं मेण पुसलं, काड्यापेटीच्या खरखरीत बाजूनं पॉइंट घासले, टोपण लावलं. पहिल्या हँडलला गाडी सुरू. पाचच मिनिटं लागली. तुझ्या सासऱ्यांनी खूश होऊन माझ्या डोक्याला अबोली रंगाचा फेटा बांधला आणि मी तो मिरवत तुला साताऱ्याला पोचवून आलो.

उंब्रजला पाणी भरायला थांबलो होतो. तू खाली उतरून माझ्यापासून चार हातांवर उभी राहिलीस आणि विचारलंस, "मिस्त्री, दोष काय होता?" मी हसत हसत सगळी कथा पुन्हा सांगितली, तुझे यजमानही हसले. तू म्हणालीस, "सापडला तर." एवढंच. तुझ्या मेंदीच्या बोटाच्या नखात काळं होतं. मला वाटलं काजळ. रडल्यावर काजळ पसरतं, नवऱ्या मुली रडतातच. कुठल्याही मेकॅनिकनं ते काळं ओळखायला हवं होतं, रोज त्याच्याच नखात असतं. मी काय केलं, तर फेटा सावरला आणि रेडिएटरचं झाकण लावलं.

वर्ष संपायच्या आत साताऱ्यालाच जाऊन फौजेत नाव घातलं. मिसर देशात होतो, वाळूत लॉऱ्या दुरुस्त करत. वाळू डिस्ट्रिब्यूटरमध्ये शिरते आणि पॉइंट खाऊन टाकते. टोपणं उघडून उघडून माझे अंगठे तुझ्यासारखे झाले, टिचकीसरशी निघायला लागली. प्रत्येक वेळी 'मिस्त्री, सरा बाजूला' ऐकू यायचं, आणि त्या गोऱ्या सार्जंटसमोर मी खुळ्यासारखा हसायचो. सेहेचाळीसला परत आलो तेव्हा कळलं, तुझे यजमान विषमज्वरानं गेले. भेटायला आलो होतो तुमच्या साताऱ्याच्या घरी. तू फिक्या लुगड्यात दाराशी उभी होतीस, कपाळ मोकळं. मला तिकडं बघवेना. तू विचारलंस, "गाडी चालते ना?" मी म्हणालो, ओंडक्यांवर आहे, बंद. तू म्हणालीस, "चालू करा. बंद ठेवलं की आतनं गंजतं सगळं." घरची माणसं आजूबाजूला होती, मी मान हलवून चहा प्यालो आणि निघालो. आई गावाकडून दर महिन्याला एक मुलगी सुचवते, यमाईला काय काय नवस बोलून बसली आहे. तिला मी सांगतो, गॅरेज नीट चालू दे, मग बघू. गॅरेज नीट चाललंय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. हत्तीण दम गिळत होती म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी तिचे पॉइंट बदलायला काढले. त्यांच्याखालची पत्र्याची चकती उचलली तर तिच्या कडेला लाल डाग. आठ वर्षांचं कुंकू, मेणासकट चिकटून राहिलेलं. मला हसूच आलं. परवा गुरुवारी भूपालअण्णा काकूंना घेऊन गाडी बघायला आले, तेव्हा नेहमीसारखी थट्टा केली. आठ वर्षं आम्ही सगळेच करत आलोय. म्हटलं, काकू, या खेपेला पूजा बाहेरूनच करा बरं का. अण्णा रस्त्यावर कुणाशी तरी बोलायला गेल्यावर त्या गाडीजवळ आल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्ये झाकाण मला उचलता तरी येतंय का रं, आकाराम? चाकाला लावलं, दिव्याला लावलं, भोंग्याला लावलं. पोटात कशाला घालीन मी? आन् देवाच्या कुंकवाला कुणी मेण लावतंय व्हय? मेण बाईमाणूस आपल्या कपाळाला लावतंय."

मी तिथंच पायरीवर बसलो. काकू उभ्याच होत्या. म्हणाल्या, "त्या दिवशी समदी हसली, तवा मी पद्मीच्या तोंडाकडं बघितलं. पोरगी हसली न्हाई. तुझ्याकडं बघत हुती. मला कळलं, पर बोलले असते तर तिची अब्रू गेली असती. म्हटलं, माझ्यावरच जाऊ दे. तुला कळंल असं वाटलं हुतं बघ. लय हुशार म्हणत्यात तुला." मग म्हणाल्या, "आता ह्ये दीक्षेचं तरी तिच्या मनातलं हाय, का घरात इधवा बाईचं करायचं काय ह्ये कुणाला सुचत न्हाई म्हणून हाय, मला ठावं न्हाई. इचारायची कुणाची छाती न्हाई. मंगळवारी मी तिच्याकडं जाणार हाय. काय धाडायचं असंल तर दे. मला वाचता येत न्हाई, ते बरंच हाय."

पद्मा, दोष मला पाच मिनिटांत सापडला होता. शेवटचा हात कुणाचा हे मी विचारलंच नाही. त्या घरात ते टोपण उघडता येणारी माणसं दोनच होती, एक मी, आणि मी तर ते केलं नव्हतं. मेण माझ्या बोटाला लागलं होतं. नखातलं काळं मी बघितलं होतं. आदल्या दिवशी तू मला जवळजवळ सांगूनच गेली होतीस. आणि मी काय केलं, तर तू कपाळाचं कुंकू घालून थांबवलेली गाडी मांडवाला हसवून सुरू केली आणि तुला तिच्यातून सोडून आलो. गाडी थांबली असती तर मी काही केलं असतं का, ते मला माहीत नाही. कदाचित तेव्हाही भाकरी घेऊन शेडमागं जाऊन बसलो असतो. पण तू मला वेळ देत होतीस आणि मी ती घेतली नाही, याचा मला इतका त्रास होतोय की चार दिवस हातून एक काम नीट झालेलं नाही. तो फेटा ट्रंकेत होता. काल बाहेर काढला, आणि आता त्याच्याकडं बघवत नाही म्हणून परत आत टाकला.

दीक्षा तू मनापासून घेत असशील, तर ती लहान गोष्ट नाही हे मला कळतं. त्या घरात राहून मी एवढं तरी शिकलोय. तसं असेल तर हे पत्र चुलीत घाल आणि माझ्यावर रागावू नकोस. पण तसं नसेल, तर मला माझं म्हणणं एकदा शब्दात लिहायचंय. पुलावर शालीखाली तू 'निळी' म्हणून ओरडलीस तेव्हापासून मला तू हवी आहेस. मिसरात हवी होतीस, आत्ता या गॅरेजात हवी आहेस. गावाला हे पटणार नाही, माझ्या आईला पटणार नाही, तुझ्या माणसांना तर नाहीच नाही. तरी हवी आहेस.

आता कागदाचं सांगतो, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. फाल्गुन शुद्ध तृतीयेला दुपारनंतर मी हत्तीण घेऊन साताऱ्याला येतो. ती तुमच्या दारात उभी राहील, चौथीला सकाळी निघायचं आहे. तुझ्याजवळ आता कुंकवाचा करंडा नसेल, मेणाची डबीही नसेल. त्यांची गरज नाही. टोपणाच्या दोन्ही पट्ट्या मी सैल करून ठेवतो, आणि हँडल असं थांबवतो की पॉइंट मिटलेले राहतील. वाढप्याला उचल आणि त्या दोघांच्या मध्ये या पत्राचा नखाएवढा तुकडा सरकव. जाड कागद तिथं शिरत नाही, हा शिरतो, मी करून बघितलंय. सकाळी सगळ्यांसमोर मी हँडल मारीन. गाडी सुरू झाली तर मी काही विचारणार नाही. तुला डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेईन, वाटेत तिला एकदाही दम गिळू देणार नाही, आणि हात जोडून परत येईन. नाही सुरू झाली, तर मी टोपण उघडीन, कागद बघीन, टोपण परत लावीन आणि भूपालअण्णांना सांगीन की मला दोष सापडत नाही. मग हात पुसून त्यांच्यासमोर आणि तुझ्या सासऱ्यांसमोर उभा राहीन आणि आठ वर्षांपूर्वी बोलायचं होतं ते बोलीन. या खेपेला मला कसलीही घाई नाही. माझ्या नावाखालचा कोपरा कोरा सोडलाय, फाडायला तोच बरा पडेल.

तुझाच,
आकाराम मिस्त्री